शोकफलकाची पांढरी बाजू

ब्रसेल्सजवळची छावणी,
९ जून १८१५

लाडक्या टॅबी,

तुझं पत्र मिळालं. कागदावर तुझा हिरवा अंगठा उमटला होता. शेजारच्या तंबूतल्या कॅप्टननं तो पाहिला आणि विचारलं, "काय रे ॲश्कम, तुझी ही मैत्रीण बेडूक आहे की काय?" मी म्हटलं, "रंगाऱ्याची मुलगी आहे." तो खो खो हसला. विटन कोर्टच्या वाड्यातला मुलगा आणि रंगाऱ्याची मुलगी, त्याला ती थट्टाच वाटली. 'बायको आहे माझी' असं अगदी ओठांवर आलं होतं, गिळलं.

इथे काहीच घडत नाही. आम्ही उभ्या पिकातून घोडे नेतो, शेतकरी आम्हाला त्यांच्या भाषेत शिव्या घालतात, आणि आम्हाला वाटतं स्वागत चाललंय. पाव चांगला मिळतो. चहा मात्र गवत उकळल्यासारखा लागतो.

लडलोमधलं तुमचं दुकान फार आठवतं. बग्ग्यांचे सुटे दरवाजे, जवसाचं तेल, तुझ्या बाबांची तंबाखू. जानेवारीत तेल थिजायचं आणि मी ती बाटली कोटाच्या आत काखेत धरून बसायचो. तू म्हणायचीस, "हलू नकोस, सांडेल." इतक्या निमूटपणे मी कर्नलचाही हुकूम पाळलेला नाही.

ब्रिस्टलच्या चर्चमधून बाहेर पडताना आपण दोघांनी शब्द दिला होता. मी स्वतः आईला सांगेन, आणि मी सांगेपर्यंत तू कुणाजवळ अवाक्षर काढायचं नाही, बाबांजवळसुद्धा. तू तो पाळते आहेस, आणि त्याचा भार तुझ्या एकटीवर पडलाय हे मला कळतं. आईचं काय ते मी बघतोय. त्याबद्दल पत्रात जास्त लिहीत नाही. परत आलो की ही सगळी चोरीमारी संपली म्हणून समज.

तुझा नवरा (लिहायला इतकं बरं वाटतं की पुन्हा लिहितो), तुझा नवरा,
गिल

*

विटन कोर्ट,
४ जुलै १८१५

टॅबी,

गिल गेला. जूनच्या अठरा तारखेच्या लढाईत, दुपारी कधीतरी. तिथेच एका फळबागेत पुरलं, असं त्याच्या कर्नलनं कळवलंय. एवढंच कळलं. तू मला चित्रकला शिकवायला यायचीस तेव्हा तो मुद्दाम खोलीत येऊन माझ्या गुलाबांना कोबी म्हणायचा, आठवतं ना? म्हणून तुला मीच लिहितेय. घरच्या कारभाऱ्यानं लिहिलेलं तुला वाचायला लागू नये असं वाटलं.

आई रडली नाही. जेवणाच्या ठरल्या वेळी घंटा वाजवायला लावली आणि गिलची थाळी मांडायला लावली. नोकर ती थाळी भरतात आणि तशीच उचलून नेतात. मी समोर बसते. घास उतरत नाही.

आता कामाचं. दारावर लावायला कुलचिन्हाचा शोकफलक हवा. बाबांचा तुझ्या वडिलांनीच रंगवला होता. कुलचिन्ह तुला पाठ आहे, तीन बगळे आणि सोन्याचा पट्टा. आईनं निक्षून सांगितलंय की चिन्हामागची जमीन पूर्ण काळी हवी. मागे बायको राहिली असली तर बघणाऱ्याच्या उजव्या हाताची अर्धी बाजू पांढरी ठेवतात, हे मी तुला काय शिकवू! पण आईनं दोनदा बजावलं, "अविवाहित होता, तसंच दिसलं पाहिजे." जसं कुणी तिच्याशी वादच घालणार होतं.

इथे त्याचं थडगं असणार नाही. वर्षभर हा फलक दारावर राहील, मग चर्चच्या भिंतीवर कायमचा जाईल. गिल म्हणून आमच्याकडे एवढंच उरणार आहे, तेव्हा नीट कर.

ड्रू घराण्यातली सोफ्रोनिया काळे हातमोजे घालून येऊन गेली. आईच्या मनात ती सून म्हणून होतीच. गिल तिच्याशी कधी हवापाण्यापलीकडे बोलल्याचं मला आठवत नाही.

तुझी,
हेस्टर ॲश्कम

*

लडलो,
७ जुलै १८१५

मिस हेस्टर यांस,

तुमचं पत्र पोचलं. कॅप्टनसाहेबांबद्दल मला जे वाटलं ते लिहिता येत नाही. बगळ्यांच्या चोची नीट काढीन.

बाबांना आता जेमतेम उजेड-अंधार कळतो, तेव्हा काम मीच करणार आहे. एकच विचारते. जमीन पूर्ण काळी, हे नक्की ना? गावात ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही फलक वाचता येतो. एकदा दारावर चढला की जे रंगवलं तेच खरं ठरतं. काही बदलायचं असलं तर गाडीवानाबरोबर शनिवारच्या आत कळवा.

तुम्ही जेवत जा. थाळीकडे बघू नका.

आपली नम्र,
टॅबिथा गॉफ

*

लडलो,
२० जुलै १८१५

गिल,

हे पत्र टाकायचं कुठे? लिहून झालं की शेगडीत घालीन. पण एकदा तरी कुणाला तरी खरं सांगितल्याशिवाय मला श्वास घेता येणार नाही, आणि ज्याला सांगायची मुभा आहे असा तू एकटाच.

तुझा फलक आज गेला. काळा. पूर्ण काळा.

पण आधी काय झालं ते ऐक. कापड ताणलं, अस्तर दिलं, आणि जमीन भरायला बसले. डोकं कुठे होतं कुणास ठाऊक, हात आपला चालत होता. बाबांकडून शिकलेला हात आहे, जसं असेल तसं रंगवायची त्याला सवय. उठून मागे सरकले आणि बघते तर डावी बाजू काळी, उजवी पांढरी. पांढरा सफेता चांगला जाड बसला होता. गिल, आपलं लग्न झालंय हे जगात पहिल्यांदा कुठेतरी दिसत होतं. माझ्या हातून पुसवेना. सगळा दिवस तो फलक लाकडी घोडीवर तसाच ठेवला आणि त्याच्यासमोर बसून मी पाव खाल्ला.

मग गाडीवानानं निरोप आणला. बदल काही नाही, काळाच, आणि फलक लगेच हवा. सफेता अजून कच्चा होता. खरवडून काढायला हवा होता. ते जमलं नाही, म्हणून त्याच्यावरच काजळी चढवली. ओल्या सफेत्यावर काजळी कधी धरत नाही, हे मला दहाव्या वर्षापासून माहीत आहे. मुद्दाम केलं का? खरंच सांगते, मला ठाऊक नाही.

शब्द दिला होता, तो पाळतेय. तू आईला सांगेपर्यंत म्हणाला होतास. तू सांगितलं नाहीस आणि आता कधी सांगणार नाहीस. म्हणजे मी मरेपर्यंत गप्प बसायचं. हे तुझ्या लक्षात आलं होतं का रे, मला शब्द द्यायला लावलास तेव्हा?

मला काळे कपडे घालता येत नाहीत. तोच तपकिरी झगा घालून बाजारात जाते. शेजारच्या मिसेस बीव्हन म्हणाल्या, "कॅप्टन गेले म्हणे. तू जायचीस ना त्यांच्याकडे शिकवायला? वाईट वाटलं असेल गं." मी म्हटलं, "हो, वाटलं." आणि कांदे घेतले.

अजून एक. आज सकाळी दुकान उघडलं. पाऊस, गारठा, शेगडी पेटलेली नव्हती. फडताळातली तेलाची बाटली घेतली तर कोमट लागली. कालही लागली होती. बाबांना विचारलं, त्यांनी हात लावला नव्हता. मला भीती वाटली नाही. मी बाटली परत ठेवली आणि म्हटलं, "हलू नकोस."

तुझी,
टॅबी

*

विटन कोर्ट,
२ फेब्रुवारी १८१६

टॅबी,

किती महिन्यांनी लिहितेय, रागावू नकोस. या घरात लिहिण्यासारखं काही घडत नाही, आणि आता जे घडतंय ते कुणाला लिहावं कळत नाही.

तुझा फलक सोलवटतोय.

नाताळनंतर पायरीवर काळे पोपडे दिसायला लागले, नखाएवढे. मोलकरणीला वाटलं कावळ्यांचा उद्योग. तिनं झाडून टाकले, दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग मी मान वर करून पाहिलं. डाव्या बाजूला ओरखडा नाही, आणि उजव्या बाजूला काळ्याखालून पांढरं दिसतंय. फक्त उजव्या! आधी वरच्या कोपऱ्यात तळहाताएवढं होतं, आता बगळ्याच्या मानेपर्यंत आलंय.

मी आपली तुझी फिरकी घेणार होते, की गॉफांच्या दुकानात हल्ली चुना वापरतात की काय. पण आईकडे बघून हसू आटलं. ती आता पुढच्या दारानं जातच नाही. काल न्याहारीला बसलो होतो, तिनं एकदम हात वर केला. "गप्प बस. पडतंय." मी म्हटलं, "काय पडतंय, आई?" "ऐकू येत नाही तुला?" मधे तीन खोल्या आहेत, टॅबी. पोपडा पडल्याचा आवाज तो काय येणार? पण मी बाहेर जाऊन पाहिलं आणि पायरीवर नवा तुकडा होता.

नोकर म्हणतात, कॅप्टनसाहेबांना काहीतरी सांगायचंय. स्वयंपाकीण तर छातीठोकपणे सांगते की साहेबांनी तिकडे परदेशात कुणीतरी केली होती. मला हसावं की रडावं कळत नाही. गिलनं लग्न केलं असतं तर मला सांगितलं नसतं?

रंगाचं काय झालंय ते कळव.

तुझी,
हेस्टर

*

लडलो,
९ फेब्रुवारी १८१६

मिस हेस्टर यांस,

यंदाची थंडी वाईट आहे. काजळीचा रंग दमट हवेत दगा देतो. चूक माझी आहे, हवेची नाही. फलकाला हात लावू नका, पुसू नका, कुणाला लावू देऊ नका. उन्हाळ्यात बघता येईल.

बाईसाहेबांना त्या दारापासून लांबच्या खोलीत बसवा.

स्वयंपाकिणीच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नका, एवढंच सांगते. कॅप्टनसाहेबांनी तुम्हाला काही सांगितलं नसेल तर ते तुमच्यावरच्या मायेत कमी पडले म्हणून नव्हे.

आपली नम्र,
टॅबिथा गॉफ

*

विटन कोर्ट,
३० मे १८१६

टॅबी,

उन्हाळा कुठला आलाय! मे संपला तरी चुली पेटलेल्या आहेत आणि सफरचंदांना फूल नाही. तू सांगूनही आईनं ऐकलं नाही. बटलरला शिडीवर चढवलं आणि बुटांचं काळं पॉलिश फलकाला फासायला लावलं. बुटांचं, टॅबी! तिसऱ्या दिवशी पाऊस झाला आणि ते सगळं खाली ओघळलं. दारावर, कमानीवर, पायऱ्यांवर काळे ओघळ. पुढच्या अंगानं घर रडल्यासारखं दिसत होतं. वर पॉलिशबरोबर उरलेले पोपडेही गेले. आता उजवी बाजू जवळजवळ पांढरी आहे.

रस्त्यावरून जाणारी माणसं थांबतात. परवा एक म्हातारा टोपी काढून उभा राहिला आणि दुसऱ्याला म्हणाला, "बायको आहे तर मागं. कुठे असेल बिचारी?" मी खिडकीत होते. सोफ्रोनियानं हातमोजे काढून ठेवलेत. तिच्या आईनं कळवलंय की आता येणं बरं दिसणार नाही.

आई झोपत नाही. दिवसासुद्धा जिन्यात उभी असते. तिला वाटतं गिल शिडीवर चढून नखांनी काळं काढतोय. काल मला म्हणाली, "लहानपणीही खपली धरली की काढायचा. सांगून ऐकायचा नाही."

अठरा जूनला वर्ष होतं. त्या दिवशी फलक चर्चमध्ये जायचाय. त्याआधी ये आणि ती बाजू पक्की काळी करून दे. आईचा हुकूम आहे, पण मी विनंती करते. दुसऱ्या कुणाच्या हाती द्यावंसं वाटत नाही.

तुझी,
हेस्टर

*

लडलो,
३ जून १८१६

मिस हेस्टर यांस,

ते काम मी करणार नाही.

एकदा केलं. त्या हातानं पुन्हा ते होणार नाही. हियरफर्डला चांगला रंगारी आहे, त्याला बोलवा. पैसे जास्त घेईल, पण त्याचा काळा टिकेल. दुकानाची जागा तुमच्या इस्टेटीतली आहे हे मी विसरलेले नाही. बाईसाहेबांना राग आला तर काय होईल तेही जाणते.

कारण विचारू नका. मी एकाला शब्द दिलाय, आणि मला त्यातून सोडवायला तो येऊ शकत नाही.

तुमचं मीठ खाल्लंय, तुमच्याशी खोटं बोलवत नाही म्हणून एवढं तरी लिहिलं.

टॅबिथा

*

विटन कोर्ट,
८ जून १८१६

वहिनी,

लिहिलं एकदाचं. हा शब्द मी सकाळपासून एकटीच म्हणून बघतेय. आता तुला 'तुम्ही' म्हणायला हवं, पण जीभ वळत नाही, तेव्हा एवढं माफ कर.

तुझं पत्र आलं तेव्हा आम्ही चहाला बसलो होतो. आई म्हणाली, "मोठ्यानं वाच." मी वाचलं. 'मी एकाला शब्द दिलाय' इथपर्यंत आले आणि आईनं कप खाली ठेवला. इतका सावकाश, की मला वाटलं तिला झटका येतोय.

"म्हणजे त्यानं तिला कळवलंच नाही?" ती म्हणाली.

"काय कळवलं नाही, आई?"

"की त्यानं मला सांगितलं होतं."

टॅबी, गिलनं आईला सांगितलं होतं. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये, निघायच्या सकाळी, घोडा दारात उभा असताना. रंगाऱ्याच्या टॅबिथाशी लग्न केलंय, चर्चमध्ये, रीतसर, आणि लढाई संपली की तिला घरी आणणार आहे. आई म्हणाली, "परत येईपर्यंत याबद्दल कुणालाही काही बोललास किंवा लिहिलंस, अगदी तिलासुद्धा, तर गॉफांचं दुकान महिन्याभरात रिकामं करून घेईन." तो घोड्यावर बसून निघून गेला. तुझं दुकान वाचावं म्हणून त्यानं तुला लिहिलं नाही. तू ज्या शब्दात वर्षभर अडकून बसलीस, तो त्यानं एप्रिलमध्येच पुरा केला होता. तू केव्हाच मोकळी होतीस.

मी आईवर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. ती म्हणाली, "मी रोज वाट बघत होते. वाटायचं, आज येईल वकील घेऊन, दारात उभी राहील, हक्क मागेल. आली असती तर तोंड द्यायला मी तयार होते. ती आलीच नाही. तिनं तर फलकही सांगितला तसा काळा करून पाठवला." मग म्हणाली, "आणि मग ते पांढरं यायला लागलं."

तिला पश्चात्ताप झालाय असं लिहिलं तर खोटं होईल. ती भ्यालीय. "ती बाजू पुरी पांढरी करून टाका, म्हणजे तो थांबेल," एवढंच म्हणते. तुझ्याशी बोलेल की नाही, सांगवत नाही. दुकानाला मात्र हात लागणार नाही, तो कागद मी तिच्याकडून लिहून घेतलाय.

मी तुझ्याकडे पुरावा मागणार नाही. माझ्या गुलाबांना कोबी म्हणायला तो इतक्या वेळा खोलीत का यायचा, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

सफेता घेऊन ये.

तुझी नणंद,
हेस्टर

*

लडलो,
२४ जून १८१६

हेस्टर,

'मिस' सोडून लिहितेय. हात अडखळला, पण लिहिलं.

फलक पांढरा करायला आले त्या दिवशी तू माझी शिडी धरलीस, तेव्हा बोलणं झालं नाही. मी उरलेलं काळं खरवडलं, खालचा पिवळट पडलेला सफेता घासला, नवा हात दिला. तुझ्या आई सगळा वेळ जिन्याच्या खिडकीत होत्या, हे तुलाही दिसलं असेल. तू चहा आणायला आत गेलीस तेव्हा त्या बाहेर आल्या, हे मात्र तुला माहीत नाही. पायरीवर उभ्या राहिल्या. वर बघत म्हणाल्या, "लग्नाच्या सकाळी तो हसत होता?"

मी म्हटलं, "हो. चर्चमधून बाहेर येईपर्यंत हसत होता. पाद्रीबाबांनी दोनदा टोकलं."

"मला सांगताना हसत होता. मीच ते हसू घालवलं," असं म्हणून त्या आत गेल्या. हेस्टर, मला त्यांचा राग यायचा होता, वर्षभर साठवलेला. तो माझ्या हाती लागलाच नाही. त्यांना एकटं सोडू नकोस.

अठराला चर्चमध्ये फलक भिंतीवर चढला तेव्हा सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं, या घटकेला मी सुखी होईन. वर्षभर एवढंच मागितलं होतं, की मी त्याची बायको आहे हे कुठेतरी लिहिलेलं असावं. आणि तिथे बसून मी ती पांढरी बाजू पाहिली आणि मला ती पहिल्यांदा नीट वाचता आली. ती पांढरी बाजू म्हणजे मी. बायको जिवंत आहे, असं ती सांगते. आणि शेजारची काळी सांगते की तो नाही. दोन्ही एकदमच खरं होतं. चोरून बायको होते तोवर तोही चोरून येत होता, आणि मला कधी त्याच्यासाठी रडावं लागलं नाही. आता सगळ्या गावादेखत मी त्याची झाले, आणि सगळ्या गावादेखत तो गेला. फलक सोलवटत होता तेव्हा तो येत होता असं तुम्ही सगळे म्हणता. मी म्हणते, आत्ता कुठे तो जायला निघालाय, आणि मला त्याला जाऊ द्यायचं नव्हतं.

परतताना बाजारातून काळं कापड घेतलं. घरी बाबा शेगडीपाशी बसले होते. त्यांना गावातलं अजून कुणी सांगितलं नव्हतं. मी कापड टेबलावर उलगडलं, तसा त्यांनी हात पुढे करून पोत चाचपला. या कामात जन्म गेलाय, कापड कशासाठी घेतात ते बोटांना कळतं.

"हे सुतकाचं कापड आहे," ते म्हणाले. "कोण गेलं गं?"

मी म्हटलं, "बाबा, माझा नवरा."

टॅबिथा ॲश्कम